दात क्रमांक छत्तीस

इन्शुरन्सवाल्यांचा मेल मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आला, आणि गुणवंत टिपणीसांनी तो तीनदा वाचला. एकदा नुसता, एकदा चष्मा लावून, आणि एकदा आपल्या पाठीमागे कोणी उभं नाही ना याची खात्री करून.

मेल अत्यंत सभ्य होता. टिपणीसांचा बिलिंगमधला बावीस वर्षांचा अनुभव असा, की पैसे द्यायचे असतात तेव्हा इन्शुरन्सवाले तुटक लिहितात आणि बुडवायचे असतात तेव्हा 'डिअर व्हॅल्यूड पार्टनर' म्हणतात. इथे 'डिअर'ही होतं आणि 'व्हॅल्यूड'ही. टिपणीसांना सकाळी सकाळी घाम फुटला, तोही एसीत.

मजकूर असा: तुमच्या दातांच्या क्लिनिकने ऑक्टोबरपासून आमच्या त्रेचाळीस सभासदांना फ्लूची लस दिली, हे वाचून आनंद झाला. मात्र त्रेचाळीसही जणांच्या बिलात लस टोचल्याची जागा 'दात क्रमांक छत्तीस' अशी नोंदलेली दिसते. कृपया खुलासा करावा. शिवाय यांपैकी मिस्टर हमीद यांचा दात क्रमांक छत्तीस आपणच दोन वर्षांपूर्वी काढला होता आणि त्याचं बिल आम्ही भरलं होतं. नसलेल्या दातात लस कशी टोचली, हेही कळवल्यास आभारी राहू. खुलासा गुरुवारी दुपारी चारपर्यंत यावा, सोबत जबाबदार व्यक्तीचं नाव असावं. न आल्यास आपलं क्लिनिक आमच्या यादीतून काढण्यात येईल.

दातांच्या डॉक्टरी मोजणीत छत्तीस म्हणजे खालच्या जबड्यातली डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. सगळ्यात जास्त किडणारी, आणि म्हणून सगळ्यात जास्त बिलं आणणारी.

आता दातांच्या दवाखान्यात फ्लूची लस कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. टिपणीसांना तो पडून वर्ष झालं होतं. कल्पना क्लिनिकच्या मालकीणबाईंची, डॉक्टर मरियमची. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात चहूकडे कारखाने, कारखान्यांच्या मागे स्टाफच्या बिल्डिंगा. तिथला माणूस दात दाखवायला येतो वर्षातून एकदा, तेव्हा त्याच बैठकीत लस टोचून मोकळं करावं. "तोंड उघडून बसलेला माणूस नको म्हणू शकत नाही," असं डॉक्टरांचं म्हणणं होतं, आणि धंद्याच्या दृष्टीने ते बिनतोड होतं. रीतसर परवानगी आली, लसींसाठी वेगळा फ्रीज आला, टोचायला शहनाझ सिस्टर आल्या.

सगळं आलं, फक्त सॉफ्टवेअर दातांचंच राहिलं. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी माणूस म्हणजे बत्तीस दात आणि एक इन्शुरन्स कार्ड. बिलातल्या 'जागा' या चौकोनात दाताचा नंबर घातल्याशिवाय ते पुढे सरकत नसे. 'हात' लिहिलं की चौकोन लाल. 'लेफ्ट आर्म' लिहिलं की लाल, आणि वर टुंग असा आवाज. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टिपणीस वीस मिनिटं त्या टुंगशी भांडले आणि मग त्यांनी छत्तीस लिहिलं. बिल सरकलं. छत्तीसच का, तर छत्तीसवर कोणी संशय घेत नाही. पुढची बेचाळीस बिलं त्यांनी तशीच सरकवली.

ही खोटी नोंद आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. खोट्या नोंदी लोक करतात. टिपणीसांनी केली होती ती ॲडजस्टमेंट.

नऊ वाजता डॉक्टर मरियमनी बोलावलं. डॉक्टर मूळच्या जॉर्डनच्या. रागावल्या की अरबीत जात आणि फारच रागावल्या की इंग्रजीत परत येत. आज इंग्रजी चालू होतं.

"मिस्टर गुणवंत, मी पंचवीस वर्षं दात काढतेय. दातात लस देता येते हे मला आज कळलं."

"डॉक्टर, सॉफ्टवेअरचा इश्यू आहे."

"सॉफ्टवेअरला एमिरेट्स आयडी असतो?"

"नाही."

"मग त्याचं नाव मी कसं देऊ? त्यांना माणूस पाहिजे. लसी खरंच टोचल्या का, कोणी टोचल्या, मध्ये कोणी हात मारला का, शोधा. मला एक नाव द्या. ते नाव गुरुवारनंतर इथे काम करणार नाही. खलास."

"इन्शाल्ला," टिपणीस म्हणाले.

इथे नोकरी जाते तेव्हा ती एकटी जात नाही. व्हिसा, घर, मुलांची शाळा असं सगळं लटांबर बरोबर घेऊन जाते. टिपणीसांची ईशानी बारावीला होती. मार्चमध्ये परीक्षा. तेव्हा नाव शोधायला हवं होतं आणि लवकर शोधायला हवं होतं. सुरुवात स्वतःपासून करावी असं काही टिपणीसांच्या मनात आलं नाही. तपास करणारा माणूस तपासाच्या बाहेर असतो, ही गोष्ट त्यांनी गृहीतच धरली होती.

राहता राहिल्या शहनाझ सिस्टर.

सिस्टर रायगडातल्या म्हसळ्याच्या. मराठी शाळा, मुंबईत नर्सिंग, मग इथे. सात वर्षांची यम्ना त्यांच्याच व्हिसावर होती. नवरा जहाजावर, जहाज फुजैराच्या बंदराला तेल भरायला लागेल तेव्हा भेटणारा. टिपणीसांशी त्या मराठीत बोलत आणि त्यांना 'गुणवंतभाऊ' म्हणत. क्लिनिकमध्ये मराठी समजणारी माणसं ही दोनच. इतके दिवस टिपणीसांना याचं बरं वाटत असे. मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ते संशयास्पद झालं. हिला भाऊ कशाला पाहिजे?

शिवाय ती वही. शाळेच्या वहीसारखी, तपकिरी कव्हर घातलेली. लस टोचून झाली की सिस्टर त्यात काहीतरी लिहीत आणि टिपणीस जवळ आले की मिटत. तशा त्या कोणीही जवळ आलं तरी वही मिटत, कारण पेशंटची माहिती दुसऱ्याला दिसू द्यायची नाही असं त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. टिपणीसांना हे ठाऊक होतं. ते ट्रेनिंग त्यांनीच दिलं होतं.

साडेअकराला ते पाण्याच्या कूलरपाशी रिकामा पेला घेऊन उभे राहिले. आतल्या खोलीत सिस्टर फोनवर होत्या.

"अफशाआपा, दंडाचं काय झालं? ... अजून नाही उतरला? ... अहो, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. ... मोठ्या डॉक्टरांना कशाला सांगताय, मला सांगायचं ना! ... नाही नाही, दोन दिवसांत उतरेल. नाहीच उतरला तर या, मी बघते काय करायचं ते."

टिपणीस रिकामाच पेला घेऊन आपल्या टेबलाकडे परतले.

दंड! या देशात दंड म्हटलं की भलेभले आधी फोन उघडून बघतात. पार्किंगचा दंड, सिग्नलचा दंड, कार्डाची तारीख उलटली तर दंड. अरबीत मुखालफा, इंग्रजीत फाइन, फोनवर टिंग असा मेसेज. खुद्द टिपणीसांना मागच्या वर्षी चारशे दिरहमचा बसला होता, म्हणजे नऊ हजार तीनशे रुपये. तो आकडा त्यांनी घरात रुपयांतून इतक्यांदा उच्चारला होता की बायको अनुपमा आता त्या रस्त्याने गाडीच नेऊ देत नसे. आणि इथे ही बाई पेशंटांना परस्पर दंड लावतेय, पुन्हा तो उतरवूनही देतेय, मोठ्या डॉक्टरांच्या कानावर न घालता!

दुपारी सिस्टर नमाजसाठी मागच्या खोलीत गेल्या. वही ट्रेखाली होती. टिपणीसांनी दाराकडे पाहिलं, मग वही उघडली आणि मोबाइलवर हाताला लागतील त्या चार पानांचे फोटो काढले. हे चोरून वाचणं नव्हतं. हे ऑडिट होतं.

आपल्या टेबलाशी बसून त्यांनी फोटो मोठे केले. अक्षर सुरेख, वळणदार. प्रत्येक ओळीला नाव, तारीख, आणि पुढे:

'लतिका. बाटली ३. दंड डा. काही नाही.'

'हमीद. बाटली ३. दंड उ. गप्पा फार.'

'गिरिजा. बाटली ४. दंड डा. नंतर चहा मागितला.'

'अफशा. बाटली ७. दंड डा. सूज. फोन करणे.'

टिपणीस खुर्चीत मागे रेलले. त्यांनी पोलिसी मालिका पुष्कळ पाहिल्या होत्या, पण गुन्हेगार इतक्या व्यवस्थित समास सोडून लिहितो असं कुठे पाहिलं नव्हतं. 'उ.' म्हणजे उधार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. 'डा.' जरा अवघड होतं. पण कोकणात डॉक्टरला डाक्टर म्हणतात, तेव्हा 'दंड डा.' म्हणजे डॉक्टरांच्या नावावर घेतलेला दंड. काहींकडून रोख, डॉक्टरांच्या नावाने. काहींकडून उधार. हमीदसारख्या गप्पिष्टाला उधार देणं भागच होतं. तोंड बंद ठेवायला.

आणि बाटली! टिपणीस या शब्दापाशी बराच वेळ थांबले. सिस्टर सरबताखेरीज कशाला शिवत नाहीत, हे सगळ्या क्लिनिकला माहीत होतं. म्हणजेच धंदा किती पोचलेला होता, पाहा! 'सूज' याचा अर्थ काही केल्या लागेना. तो त्यांनी 'सांकेतिक शब्द' या सदरात टाकला.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यांनी डॉक्टर मरियमना मेल लिहिला. विषय: अत्यंत गोपनीय. चार फोटो, आणि प्रत्येक ओळीसमोर इंग्रजी भाषांतर. 'पेनल्टी, डॉक्टर अकाउंट.' 'पेनल्टी, ऑन क्रेडिट.' 'बॉटल नंबर थ्री.' शेवटी एक वाक्य: सदर नर्स हीच जबाबदार व्यक्ती असावी, असा माझा नम्र निष्कर्ष आहे.

"काय एवढं टाइप करताय?" अनुपमाने कोशिंबिरीचा वाडगा ठेवत विचारलं. ती अल बर्शाच्या एका शाळेत गणित शिकवायची, आणि तिला कुठलंही उत्तर पायऱ्यांसकट लागायचं.

"ऑफिसचं. चोर सापडला."

"परत? मागच्या महिन्यात वॉचमन होता. त्याआधी खालचा लाँड्रीवाला."

"लाँड्रीवाल्याकडे माझा शर्ट होताच."

"तुम्हीच दिला होता तो, इस्त्रीला."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ईशानी कानात वायर घालून अभ्यास करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "बाबा, यू सस्पेक्ट एव्हरीवन. इट्स लाइक अ हॉबी."

टिपणीसांनी मेल पाठवला. नऊ मिनिटांत उत्तर आलं: 'शुक्रन. गुरुवारी सकाळी साडेनऊला तिच्यासमोर बोलू. तोपर्यंत पूर्ण वहीचं भाषांतर आणा, एकही ओळ न गाळता. ते मी इन्शुरन्सला जोडणार आहे.'

बुधवारी नमाजच्या वेळी टिपणीसांनी उरलेल्या पानांचे फोटो काढले. त्या दिवशी सिस्टरनी त्यांना घरून आणलेली खजुराची वडी दिली. त्यांनी ती घेतली, पण खाल्ली नाही. लाच घेतल्यासारखं दिसलं असतं.

संध्याकाळी पुन्हा तेच टेबल. 'पेनल्टी, डॉक्टर अकाउंट,' 'पेनल्टी, ऑन क्रेडिट,' असं करत ते सत्ताविसाव्या ओळीपर्यंत सुरळीत आले. अठ्ठाविसावी ओळ अशी होती:

'ईशानी टिपणीस. बाटली ५. दंड उ. पोरगी डावरी, परीक्षा आहे, म्हणून उजव्यात.'

त्यांनी ती तीनदा वाचली. मग समोर बसलेल्या ईशानीच्या कानातली वायर ओढली.

"ऑक्टोबरमध्ये क्लिनिकमध्ये आली होतीस, तेव्हा सिस्टरनी तुझ्याकडे पैसे मागितले होते? उधार-बिधार?"

"व्हॉट? नो! शी जस्ट आस्क्ड विच हँड आय राइट विथ. आय हॅड मॉक्स नेक्स्ट डे."

"मग?"

"मग नथिंग. शी डिड द अदर आर्म. शी वॉज स्वीट, ॲक्च्युअली."

टिपणीसांनी एकोणतिसावी ओळ वाचली.

'गुणवंतभाऊ. बाटली ५. दंड डा. सुई दिसताच डोळे मिटले. बिस्किट दिलं.'

त्या दिवशी त्यांनी कोणालाही दंड भरला नव्हता. मात्र बिस्किट खाल्लं होतं. आणि नंतर दोन दिवस ते डाव्या कुशीवर झोपू शकले नव्हते.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "दंड म्हणजे काय?"

"म्हणजे?" अनुपमा हात पुसत बाहेर आली. "हा." तिने त्यांचा डावा हात कोपराच्या वर धरून दाबला. "लस टोचतात तो. का? काय झालं तोंडाला?"

'दंड डा.' म्हणजे दंड डावा. 'दंड उ.' म्हणजे दंड उजवा. बाटली म्हणजे लसीची बाटली, कितव्या खेपेची ती. सूज म्हणजे सूज. टिपणीस सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळू लागले. कोणाला टोचली, कधी टोचली, कुठल्या बाटलीतली, कुठल्या हातात, नंतर काय झालं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. इन्शुरन्सवाल्यांना जे जे हवं होतं ते सगळं, समास सोडून. आख्ख्या क्लिनिकमध्ये लसींची खरी नोंद एवढी एकच होती, आणि तिला त्यांनी गुन्ह्याचा पुरावा म्हणून पाठवून दिलं होतं.

ही नोंद खरी ठरली की मग खोटं काय उरतं? छत्तीस. आणि छत्तीसच्या प्रत्येक नोंदीखाली सॉफ्टवेअर बारीक अक्षरात टाइप करणाऱ्याचं नाव उमटवत होतं: जी. टिपणीस.

त्यांनी अनुपमाला सगळं सांगितलं. सांगताना 'ॲडजस्टमेंट' हा शब्द चारदा आला.

"मग दुसरा मेल पाठवा," ती म्हणाली.

"दुसऱ्या मेलात माझं नाव जाईल."

"आणि पहिल्यात कोणाचं गेलंय?"

टिपणीसांनी लॅपटॉप अर्धा मिटला. मग म्हणाले, "क्लिनिकमध्ये मराठी वाचणारे आम्ही दोघंच. तिचं तिने काहीही सांगितलं तरी डॉक्टर आधी मला विचारतील."

"मग?"

"काही नाही. आपलं सांगितलं."

"बारावीचं वर्ष आहे, ते मलाही कळतं," अनुपमा म्हणाली. "पण मला विचारू नका. वही तुम्ही वाचलीत, मी नाही." आणि ती कुकर लावायला आत गेली.

गुरुवारी सकाळी टिपणीस दोन फोल्डर घेऊन निघाले. निळ्यात पेनल्टी होती, हिरव्यात आर्म. रात्रभर त्यांनी दोन्ही भाषांतरं सारख्याच काळजीने पूर्ण केली होती. कामात कुचराई करायची त्यांना सवय नव्हती.

डॉक्टर मरियमच्या केबिनमध्ये शहनाझ सिस्टर आधीच येऊन उभ्या होत्या. टेबलावर त्यांच्या वहीच्या पानांचे रंगीत प्रिंट होते. सिस्टरनी प्रिंटकडे पाहिलं, मग स्वतःच्या खिशातल्या वहीला हात लावून पाहिला.

"सिस्टर, हे तुमचं अक्षर?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, डॉक्टर."

"तुम्ही माझ्या पेशंटांकडून कसली पेनल्टी घेता?"

"पेनल्टी?" सिस्टरना खरंच कळेना. मग डॉक्टरांच्या बोटाखालचा शब्द त्यांनी वाकून वाचला. "हा? डॉक्टर, हे आर्म आहे. हे लेफ्ट, हे राइट. कॉम्प्युटर आर्म घेत नाही, म्हणून मी हाताने लिहून ठेवते. उद्या कोणाला रिॲक्शन आली, तर कुठल्या बाटलीतली, कुठल्या हातात, कळायला नको का?"

"इथे लिहिलंय पेनल्टी. तुम्ही म्हणता आर्म. मला तर ही अक्षरं उलटी धरली काय आणि सुलटी धरली काय." डॉक्टरांनी खुर्ची वळवली. "मिस्टर गुणवंत, भाषा तुमची आहे. तुम्ही सांगा."

सिस्टरनी टिपणीसांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. हे फोटो कोणी काढले, पेनल्टी कोणी लिहिलं, यातलं काहीच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आपला माणूस खोलीत आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

"गुणवंतभाऊ," त्या मराठीत हळूच म्हणाल्या, "सांगा ना हो यांना."

टिपणीसांच्या मांडीवर दोन फोल्डर होते. निळा वर होता. केबिनमध्ये एसीचा आवाज येत होता आणि बाहेर कोणाच्या तरी दाढेवर ड्रिल चालू होतं. कदाचित छत्तीसच असेल. टिपणीसांनी निळ्या फोल्डरचा कोपरा धरला, सोडला, पुन्हा धरला. ईशानीची परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे अजून दहा आठवडे. यम्ना सात वर्षांची, म्हणजे... पुढचं गणित त्यांना करता येईना.

"आर्म," ते म्हणाले.

"परवा पेनल्टी होतं."

"दोन्ही होतं, डॉक्टर. आमच्याकडे त्याला एकच शब्द आहे."

"हाताला आणि फाइनला?" डॉक्टर मरियम त्यांच्याकडे बघत राहिल्या. "कसली भाषा आहे ही?"

"जुनी," टिपणीस म्हणाले.

त्यांनी हिरवा फोल्डर टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो सावकाश वाचला, एकेका ओळीवर पेन फिरवत. एकोणतिसाव्या ओळीशी पेन क्षणभर थांबलं, मग पुढे सरकलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "उत्तम रेकॉर्ड आहे. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात उत्तम. मग छत्तीस कोणी लिहिलं?"

शहनाझ सिस्टरना ते माहीत होतं. जागेच्या चौकोनात काय घालायचं, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात टिपणीसांना विचारलं होतं. टिपणीस म्हणाले होते, ते मी बघतो, तुम्ही टोचायचं बघा. आता त्या जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनी नाव घेतलं असतं, तर टिपणीसांना बरं वाटलं असतं. निदान दुसऱ्याने आरोप केल्यासारखं झालं असतं.

"मी," टिपणीस म्हणाले. "त्रेचाळीसही."

"आणि सॉफ्टवेअर?"

"सॉफ्टवेअरला एमिरेट्स आयडी नाही."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी इन्शुरन्सचा फॉर्म पुढे सरकवला. 'जबाबदार व्यक्ती' या ओळीवर टिपणीसांनी आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पासपोर्टवर आहे तसं.

"नावाचं मी काय म्हणाले होते, आठवतंय?"

"आठवतंय, डॉक्टर."

"मीही विसरलेले नाही. त्यावर रविवारी बोलू. आधी चार वाजायच्या आत त्रेचाळीस नोंदी नव्याने टाइप होऊन गेल्या पाहिजेत, त्या सॉफ्टवेअरमधून नाही, साध्या मेलने. सिस्टर प्रत्येक ओळ तपासतील. यल्ला, चला."

बाहेर आल्यावर शहनाझ सिस्टर पॅसेजमध्येच थांबल्या. त्यांच्या हातात निळा फोल्डर होता. घाईत टिपणीसांच्या मांडीवरून तो खाली पडला होता आणि त्यांनी सवयीने उचलून घेतला होता. त्या तिथेच उभ्या राहून वाचू लागल्या. टिपणीस भिंतीवरच्या, दात कसे घासावेत याच्या तक्त्याकडे बघत राहिले.

"पेनल्टी ऑन क्रेडिट," सिस्टरनी वाचलं. "म्हणजे उधार? उधारीवर दंड?"

"उ. होता ना. मला वाटलं..."

"आणि बाटली? बाटली म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

टिपणीस तक्त्यातली तिसरी पायरी वाचू लागले.

"वहीचे फोटो तुम्ही काढलेत." हा प्रश्न नव्हता. "मी नमाजला गेले तेव्हा."

"सिस्टर, माझी ड्यूटी होती. संशय आला तर..."

"मला विचारायचं होतंत. मराठीत विचारायचं. मराठीत सांगितलं असतं." त्यांनी फोल्डर मिटून त्यांच्या हातात दिला. "माझी पोरगी माझ्या व्हिसावर आहे, तुम्हाला माहितीय. तिच्या शाळेचा फॉर्म तुम्हीच भरून दिला होतात."

मग त्या आत गेल्या. खुर्ची ओढून टिपणीसांच्या टेबलाशी बसल्या आणि वही उघडली, पण स्वतःकडे तोंड करून. त्यांनी वाचायचं, टिपणीसांनी टाइप करायचं. टिपणीसांनी एकदा मान लांब करून वहीत डोकावायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि ते सरळ बसेपर्यंत उघडली नाही.

"लतिका. बाटली तीन. दंड डावा."

टिपणीसांनी टाइप केलं.

"काय लिहिलंत?"

"लेफ्ट आर्म."

"स्पेलिंग."

त्यांनी स्पेलिंग सांगितलं. सिस्टरनी खुर्ची पुढे घेतली, स्क्रीनवर बोट ठेवून अक्षर अक्षर पाहिलं, मगच वहीतली पुढची ओळ वाचली. हमीद, गिरिजा, अफशा. प्रत्येक ओळीला स्क्रीनवर बोट. जेवणाची वेळ झाली, कोणी उठलं नाही. टिपणीसांना आयुष्यात प्रथमच आपलं टाइपिंग दुसरं कोणी तपासतंय असं दिसत होतं. मान अवघडली, तरी वळवायची सोय नव्हती. वळवली असती तर बाई म्हणाल्या असत्या, काय लपवताय.

साडेतीनला शेवटची ओळ झाली. टिपणीसांनी 'सेंड'वर बोट नेलं.

"थांबा, मिस्टर गुणवंत," शहनाझ सिस्टर म्हणाल्या.

टिपणीसांचं बोट हवेतच राहिलं. इतक्या दिवसांत त्या त्यांना असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

"आधी पहिल्यापासून वाचून दाखवा. मोठ्याने. मी ऐकते."

टिपणीसांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.